श्रवणबाळाचं वजन

बेळगावात आजारी माणसाला बघायला कोणी रिकाम्या हातानं जात नाही. शहाळी नेणारे थोडे, बाकीचे कुंदा नेतात. ज्याची साखर वर्षानुवर्षं वाढलेली आणि आता डावी बाजूही लुळी पडलेली, अशा माणसाच्या उशाशी अर्धा किलो कुंदा ठेवताना पाहुण्याच्या मनात नेमकं काय असतं, हे विचारायचं नसतं. ‘असू दे की, घरच्यांना होईल,’ असं म्हणून तो चपला घालतो. आमच्या घरी घरचे म्हणजे मी. बायको गोड खात नाही, मुलगा नोकरीला पुण्यात, वडिलांना, म्हणजे आप्पांना, डॉक्टरांची बंदी. इतकं दूध आटवून केलेला जिन्नस वाया घालवणं माझ्या रक्तात नाही. रक्तात आता दुसरंच काहीबाही आहे, ते पुढे येईल.

आप्पांनी उभा जन्म उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मोल्डर म्हणून काढला. वाळू चाळायची, ठोकून बसवायची, पॅटर्न अलगद काढायचा आणि वितळलेल्या बिडाच्या धगीपुढे उभं राहायचं. वजन कधी ५२ किलोच्या वर गेलं नाही. मी त्याच उद्यमबागेत दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि एक सेकंडहँड व्हीएमसी टाकून हायड्रॉलिकचं जॉबवर्क करतो. आप्पा पडले तेव्हा माझं वजन ७८ होतं. वर्कशॉप घराच्या मागेच आणि बायको शाळेत शिक्षिका, त्यामुळे दिवसपाळी आपोआप माझ्याकडे आली. संध्याकाळची पाळी तिच्याकडे. रात्रपाळीवर आमचा तह झाला नाही, म्हणजे तीही माझीच.

गल्लीत माझं कौतुक सुरू झालं. सून वर्षानुवर्षं सासऱ्याचं करते तेव्हा तिला कोणी ‘दमलीस काय’ म्हणूनही विचारत नाही. मुलानं बापाच्या पायात मोजे चढवले की लगेच श्रवणबाळ. निपाणीची आत्या शेंगापोळ्यांचा डबा घेऊन लाल बसनं आली, दारातच माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, ‘श्रवणबाळ गं बाई!’ बायकोनं ते शांतपणे ऐकून घेतलं. रात्री तिनं मला पेपरातलं कात्रण वाचून दाखवलं. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणाचं होतं ते. घरच्या माणसांची काळजी घेण्याचं काम ज्या बायका करतात त्यांची त्यात रोज सरासरी १३४ मिनिटं जातात, जे पुरुष करतात त्यांची ७६. ‘त्या ७६ मध्ये तुमच्या शेंगापोळ्या धरल्यात काय?’ तिनं विचारलं.

श्रवणबाळाबद्दल मला मात्र एक व्यावसायिक शंका आहे. त्याचं वजन कुठल्याच कथेत सांगितलेलं नाही. चित्रात तो शिडशिडीत असतो. खांद्यावर कावड, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला वडील. दोन्हीकडचा भार जवळपास सारखा, म्हणजे कमरेला पीळ नाही. यांत्रिकीच्या दृष्टीनं फार हुशार पोरगा. एकट्या वडिलांना पलंगावरून उचलून कमोडच्या खुर्चीत बसवायची वेळ त्याच्यावर रोज आली असती, तर दशरथाच्या बाणाची गरजच पडली नसती.

हे उचलण्याचं शास्त्र आम्हाला फिजिओथेरपीच्या बाईंनी शिकवलं. खुर्ची नेहमी पेशंटच्या धडक्या बाजूला लावायची. शर्ट घालताना आधी लुळा हात, काढताना लुळा हात शेवटी. आणि उचलताना गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा, पेशंटला छातीशी घ्या. पहिल्या दोन गोष्टी मला जमल्या. तिसरीत अडचण अशी की आप्पा माझ्या छातीपर्यंत पोचतच नाहीत. वाटेत पोट लागतं. बाई म्हणाल्या, ‘आणखी जवळ घ्या.’ आप्पा म्हणाले, ‘आणखी जवळ कुठनं? सीमा संपली की इथं.’ भार गुणिले अंतर, हा हिशेब मी रोज पोरांना शिकवतो. जॉब चकच्या बाहेर जितका लांब काढाल तितका तो थरथरतो. माझ्या पोटानं आप्पांना माझ्या कण्यापासून वीतभर लांब ढकललेलं होतं, आणि ५२ किलो वीतभर लांबून उचलले की कमरेला ते ५२ लागत नाहीत, कितीतरी जास्त लागतात. जाड माणसाला दुसऱ्याला उचलताना स्वतःचं पोट दोनदा उचलावं लागतं: एकदा वजन म्हणून, एकदा अंतर म्हणून. हे कुठल्याही आहारतज्ज्ञानं मला सांगितलेलं नाही, त्यांनी फक्त भात कमी करायला सांगितला.

भाताचं काय आहे, आप्पांसाठी मऊ भात शिजतो तो दोन घास उरेल असाच. पेज उरते, भाजणीचं थालीपीठ अर्धं उरतं, उकडलेल्या अंड्यातलं पिवळं उरतं. आजारी माणसाचं ताट पुरतं रिकामं कधी होत नाही आणि आमच्या घरात ताटात टाकायची पद्धत नाही. म्हणजे मी माझं जेवत होतोच, वर आप्पांचंही थोडं जेवत होतो. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, असं हिशेबाचं पुस्तक सांगतं. हा हप्ता चार-चार घासांनी कसा भरला जातो ते आवर्त ठेवीच्या एजंटालाही कळणार नाही.

रात्रीचं वेगळंच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. मी आप्पांच्या हाताशी ठेवायला लेथवर पितळेची एक घंटा वळून दिली होती. टॉलरन्स वगैरे पाळून केलेली, नाद असा की तिसऱ्या गेटपर्यंत जावा. कूस बदलायला ती वाजायचीच, शिवाय फॅन लावायला वाजायची आणि लावलेला फॅन बंद करायलाही. झोप अशी तुकड्यातुकड्यानं मोडली की भूक चाळवणारं घ्रेलिन शरीरात वाढतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन कमी होतं. हे शास्त्र मला पुढे कळलं. त्या वेळी एवढंच कळायचं की पहाटे दोन वाजता माणसाला करदंट लागतं.

मित्रांनी उपाय सांगितले. एकानं डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा व्हिडिओ पाठवला: दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. पद्धत उत्तम असेल. पण सलग ५५ मिनिटं मला कोणी दिली तर मी जेवणार कशाला? झोपेन. दुसऱ्यानं सांगितलं, पहाटे व्हॅक्सिन डेपोत फिरायला ये. झाडी आहे, गार हवा आहे, अर्धी टिळकवाडी तिथं चालते. गेलो. पहिल्याच फेरीत शेजारच्या पोराचा फोन आला की घंटा वाजतेय. धावत परत आलो. उशीखालचा रिमोट पाहिजे होता.

आता नहाणीघरातली गोष्ट. बेळगावचा जुलै, पाऊस तिरका, हवा झोंबरी. आप्पांना वारं लागू नये म्हणून मी दाराला आतून कडी घातली. चाकांच्या खुर्चीवर बसवून त्यांना आंघोळ घातली, पाठ पुसली, आणि पाय पुसायला खाली बसलो. साखरवाल्यांच्या बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्या लागतात, नाहीतर तिथं चिघळतं. तिसऱ्या आणि चौथ्या बोटांमध्ये पंचाचं टोक घातलं आणि माझ्या कमरेत उसण भरली.

साधी नव्हे. मी जसा होतो तसाच राहिलो: एक गुडघा जमिनीवर, एक हात खुर्चीच्या चाकावर, पाठ बादलीला टेकलेली. खाली बसवेना, वर उठवेना. श्वास घेतला तरी कळ. आप्पा वरून बघत होते. पंचा गुंडाळलेले, ओले केस उभे, सिंहासनावर बसल्यासारखे. थोडा वेळ वाट बघून ते म्हणाले,

‘उठतोस काय, का मी उठू?’

मी म्हटलं, ‘आप्पा, बोलू नका. हसू आलं तर मरेन.’

त्यांनी धडका उजवा हात पुढे केला. मोल्डरचा हात आहे तो, अजून पक्का. त्यांनी मला ओढलं. मी हललो नाही, खुर्ची हलली. चाकाला ब्रेक लावायचा राहिला होता. आप्पा चाकांसकट दोन फूट पुढे आले आणि मी भिंत आणि खुर्ची यांच्या मधे पाचरीगत बसलो. बाहेर हॉलमध्ये माझा फोन वाजत होता. डिस्पॅचसाठी पार्टीचा असणार. पुष्कळ वाजून तो बंद पडला. पितळेची घंटा पलंगाशी.

मग आप्पांनी वरच्या झरोक्याकडे तोंड करून शेजारच्या अज्जींना हाक मारली. अज्जी धुणं काढत होत्या. ‘एन आतु?’ काय झालं, असं त्यांनी कन्नडमध्ये विचारलं. आप्पा ओरडले, ‘मग बिद्दानरी!’ मुलगा पडलाय. अज्जींना वाटलं म्हातारा भ्रमिष्टासारखं बोलतोय, स्वतःच पडला असणार. तरी त्या छत्री न घेता वर्कशॉपकडे पळाल्या, हे त्यांचे उपकार.

टर्नर आणि हेल्पर आले. दार आतून बंद. हेल्पर उत्साही पोरगा. कडी कशी काढायची याचा विचार करण्याआधी त्यानं ग्राइंडर आणून बिजागऱ्या कापायला घेतल्या. फटीतून ठिणग्या आत यायला लागल्या. आप्पांना फाउंड्रीची आठवण आली असावी, चेहरा उजळला. दार पडलं. पोरांनी आत पाहिलं, आणि वर्षानुवर्षं माझ्याकडून पगार घेणाऱ्या टर्नरनं अत्यंत गंभीरपणे विचारलं, ‘मालक, चेनपुली आणू काय? एक टनाची हाय, टेन्शन नाही.’

चेनपुली आणली नाही, कारण आप्पांनी सूत्रं हातात घेतली. पॅटर्न वाळूतून काढतानाची शिस्त त्यांनी पोरांना सांगितली. ‘आधी चारी बाजूनं थोडा थोडा हलवून मोकळा करा. मग सरळ वर. तिरका काढला तर कड मोडते.’ त्यांनी मला हलवून मोकळं केलं. मग आप्पांची कूस बदलायची जाड चादर माझ्या काखेखालून घालून सरळ वर घेतलं. कड मोडली नाही. आप्पा म्हणाले, ‘कास्टिंग चांगलं आलंय, फक्त मटेरियल जास्त लागलं.’

ओम्नीत आम्हा दोघांनाही घालून पोरांनी दवाखान्यात नेलं. आप्पांना एकटं ठेवणार कुणाकडे? मला उभं राहता येत नव्हतं म्हणून चाकाच्या खुर्चीत मी, आणि नातेवाइकांच्या बाकावर शाल पांघरून आप्पा. डॉक्टरांनी दोघांकडे पाहून विचारलं, ‘पेशंट कोण?’ आम्ही एकमेकांकडे बोट दाखवलं.

इंजेक्शन झालं, पट्टा मिळाला, आणि कमरेच्या निमित्तानं बाकीचंही तपासून झालं. रक्तदाब १६० वर १००. साखर ‘बघू या’ म्हणण्याइतकी. वजन ८५. उंची १६८ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय ३०.१.

हा बीएमआय म्हणजे किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. बेल्जियमच्या आदोल्फ केतले नावाच्या खगोलशास्त्र्यानं १८३०च्या दशकात ‘सरासरी माणूस’ शोधताना हे गणित मांडलं. त्याला लठ्ठपणाशी कर्तव्य नव्हतं. ते नाव तर १९७२ साली अमेरिकेच्या अॅन्सेल कीजनं दिलं. जागतिक आरोग्य संघटना ३०च्या पुढे माणसाला लठ्ठ म्हणते. आपल्याकडचे डॉक्टर भारतीयांसाठी २५लाच रेष ओढतात. म्हणजे आप्पा आजारी पडायच्या आधी, ७८ किलोचा असताना, मी जिनिव्हाच्या हिशेबानं नुसता ‘वजनदार’ होतो आणि भारताच्या हिशेबानं लठ्ठ. डॉक्टर हे समजावून सांगायला लागले, पण बेळगावच्या माणसाला हे समजावावं लागत नाही. १९५६ साली आमचे आजोबा अनगोळात ज्या घरात मुंबई राज्यात झोपले, त्याच घरात १ नोव्हेंबरला म्हैसूर राज्यात जागे झाले. माणूस जागचा हलला नाही, रेष हलली. आता मी दोन्ही रेषांच्या पलीकडे गेलोय. महाराष्ट्र सरकार २००४ साली सुप्रीम कोर्टात गेलं तो दावा अजून चाललाय. माझ्यापुरता सीमाप्रश्न सुटला.

भारतीयांची रेष अलीकडे का, याचं उत्तर त्याच २००४ साली पुण्याहून आलं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिनच्या ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२. आपली माणसं बारीक दिसतात आणि आत चरबी बाळगून असतात. आमचे ५२ किलोचे आप्पा, ज्यांना आयुष्यात कोणी ‘वजन कमी करा’ म्हटलं नाही, साखरेनं आणि झटक्यानं आडवे झाले ते बहुधा अशाच हिशेबानं. मी हे डॉक्टरांना माझ्या बचावासाठी सांगून पाहिलं. ते म्हणाले, ‘त्यांची आत होती. तुमची आतही आहे आणि बाहेरही.’

तिथंच एका मोठ्या हॉस्पिटलातून अभ्यासासाठी आलेली मुलगी बसली होती. आजारी माणसांची काळजी घेणाऱ्यांपैकी जे लठ्ठ आहेत त्यांच्या आयुष्याचा दर्जा ती मोजत होती. मला पाहिल्यावर तिला जो आनंद झाला तो तिला लपवता आला नाही. तिच्याकडे ३६ प्रश्नांची यादी होती. १९९२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली ही प्रश्नावली जगभर वापरतात, असं ती म्हणाली. शरीर, दुखणं, उत्साह, मन, लोकांत मिसळणं असे आठ भाग, प्रत्येकाला शून्य ते शंभर गुण.

‘जिने चढायला त्रास होतो?’ होतो. ‘वाकायला, गुडघ्यावर बसायला?’ मी नुसतं तिच्याकडे पाहिलं. तिनं ‘खूप’वर खूण केली. ‘स्वतःची आंघोळ, कपडे स्वतः करता येतात?’

‘वेळ मिळाला तर.’

‘तसा पर्याय नाही काका.’

‘ओळखीच्या कुणाहीइतकी तुमची तब्येत चांगली आहे, असं वाटतं?’ मी ओळखीचे डोळ्यांपुढे आणले. उद्यमबागेतले वर्कशॉपवाले, कास्टिंग पुरवणारे, ट्रान्स्पोर्टवाला, चहा-भजीच्या गाड्यावर रोज सकाळी उभी असणारी आम्हा साऱ्यांची रांग. सगळ्यांचे पट्टे पोटाच्या खालून जातात. ‘अगदी,’ मी म्हटलं. तिथं मला पैकीच्या पैकी मिळाले.

मग मनाचे प्रश्न. ‘गेल्या चार आठवड्यांत शांत, निवांत किती वेळ वाटलं?’

मी खरं ते सांगितलं. नहाणीघरात अडकलो होतो तेव्हा. फोन वाजत होता आणि मला उचलता येत नव्हता, घंटा लांब होती, ज्यांनी काही मागावं ते आप्पा समोर बसून हसत होते. तेवढा वेळ माझ्याकडून कोणालाच काही मिळण्यासारखं नव्हतं. कळ सोडली तर फार बरं वाटलं.

मुलगी लिहायची थांबली. मग म्हणाली, लठ्ठपणानं बहुतेकांचे शरीराचे गुण उतरतात, मनाचे तितके नाही. काळजी घेण्यानं मनाचेही उतरतात. तुमचे दोन्हीकडून गेलेत. आजवर आप्पांचं मलमूत्र, झोप, जेवण, साखर सगळं सगळ्यांनी मला विचारलं होतं. माझं काय, हे पहिल्यांदाच कोणी विचारत होतं, आणि तेही प्रबंधासाठी. तरी चालेल. मी तिला आणखी ३६ प्रश्न विचारायला सांगणार होतो, पण आप्पांना लघवीला लागली.

तिच्याच सांगण्यावरून आम्ही काळजी घेणाऱ्यांच्या वर्गात नाव घातलं. दर मंगळवारी तासभर व्यायाम, थोडी आहाराची माहिती, वजन. हे ज्यानं ठरवलं त्याला एक गोष्ट सुचली नव्हती: काळजी घेणारा वर्गात येणार, तेव्हा ज्याची काळजी घ्यायची तो कुठं जाणार? मी आप्पांना बरोबर नेलं. ते खुर्चीवर बसून धडक्या हातानं लुळा हात धरून वर नेत होते, बाकीच्यांच्या दुप्पट वेळा. बाईंनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. माझ्यासाठी वाजल्या नाहीत.

पुढच्या खेपेला मी त्यांना दारात सोडलं आणि ‘गाडी लावून येतो’ म्हणून गेलो तो ओम्नीतच झोपलो. मागची सीट आडवी पाडली की माझ्या मापाची जागा होते. तेव्हापासून तीच रीत. आप्पा वर्ग करतात, मी झोपतो. आप्पा आता चार पायांच्या काठीवर आपलेआपण हॉलपर्यंत जातात, हे त्या वर्गाचंच यश. माझाही रक्तदाब उतरलाय, ते ओम्नीचं.

घोटाळा वेगळाच झाला. वर्गात वजन घेणारी शिकाऊ मुलं दर थोड्या दिवसांनी बदलतात, आणि काट्यावर जो उभा राहील त्याचं वजन हजेरीच्या नावापुढे लिहितात. हजेरीत नाव माझं. पुढे आकडे असे: ८५, ५२, साडेएकावन्न, ५२. आडनाव एकच असल्यामुळे सहीवरून कोणाला शंका आली नाही. गेल्या आठवड्यात पत्र आलंय की सर्वाधिक वजन घटवल्याबद्दल माझा सत्कार ठरलाय, आणि ३३ किलो कसे कमी केले हे मी इतर मंडळींना तासभर सांगावं.

मी पत्र बायकोला दाखवलं. ती बराच वेळ हसत राहिली, बोलली काहीच नाही. आप्पांनी मात्र ते घंटेखाली नीट घडी करून ठेवलंय.

‘तू कशाला येतोस?’ ते म्हणाले. ‘मीच जातो की. तू झोप गाडीत.’